ज्वारी म्हणे जोडीला

गेल्या आठवड्यात चिन्मयनं, म्हणजे माझ्या मुलानं, मेलबर्नहून एका कागदाचा फोटो पाठवला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तो तिथे नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी घराच्या गॅरेजमध्ये बियर बनवतो. तिकडे हा गुन्हा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणची घालतात तशी तिकडची माणसं हौसेनं घरी बियर घालतात, एकमेकांची चाखतात, नावं ठेवतात. त्यांचा छोटा क्लब आहे आणि त्या क्लबात वर्षातून एकदा परीक्षा असते. चिन्मयनं ज्वारी घालून काळीकुट्ट बियर केली होती, तिला स्टाऊट म्हणतात. तिचा यंदा पहिला नंबर आला. फोटो होता तो परीक्षकाच्या शेऱ्याचा.

माझं सगळं आयुष्य सुरतेच्या मराठी शाळेत वह्यांवर शेरे लिहिण्यात गेलं, त्यामुळे दुसऱ्याचा शेरा मी चष्मा पुसून वाचते. त्यात लिहिलं होतं की ज्वारी 'ॲडजंक्ट' म्हणून छान वापरली आहे, मूळ धान्याला चांगली साथ देते.

ॲडजंक्ट म्हणजे काय, ते मी मुलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "आई, बियरचं खरं धान्य म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. बाकी जे काही घालशील, मका, तांदूळ, ओट, गहू, ज्वारी, ते सगळं ॲडजंक्ट. जोडीला घातलेलं."

जोडीला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या धान्याच्या भाकरीवर आख्खा खानदेश उभा राहिला, माझ्या धुळ्याच्या माहेरी ज्याच्या कणग्या छताला टेकायच्या, ते जोडीला? आणि ही बार्ली कोण लागून गेली? आमच्याकडे तिला सातू म्हणतात आणि लघवीला जळजळ झाली की तिचं पाणी पितात. पोरगा पलीकडे हसत होता. म्हणाला, "अगं, शब्द आहे तो. शिवी नाहीये." मला मात्र ती शिवीच वाटली, आणि ती आपल्याला लागली तेव्हा आपण एवढ्या का उसळलो, हे कळायला मला दोन दिवस लागले.

कारण वर गच्ची रिकामी होती.

चैत्र संपत आलाय. सुरतेचं ऊन आता पांढरं झालंय, सकाळी दहालाच डोळे मिटायला लावतं. वारा फिरला की पांडेसऱ्याच्या डाइंगच्या कारखान्यांचा तो ओला, औषधी वास खिडकीतून आत येतो, आणि आमचे हे, बँकेतून निवृत्त झाल्यापासून ज्यांना दुसरं काम नाही, ते उठून खिडकी लावतात. हे दिवस बिबड्यांचे. बिबड्या म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे पापड, लसूण, तीळ, मिरची घालून शिजवलेले आणि ओल्या फडक्यावर थापून उन्हात वाळवलेले. खानदेशाबाहेरच्या माणसाला ते समजावून सांगणं अवघड आहे. ओली बिबडी कच्च्या तेलाबरोबर खाल्ली नसेल तर उन्हाळा कशाला म्हणतात हे माणसाला कळलेलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर या दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची. यंदा सलग दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे नुसती डिश अँटेनांची सावली पडलेली होती.

त्या बिबड्या कमलबाई करायची.

कमलबाई पारोळ्याकडची. नवरा सुरतेच्याच नवागाममध्ये लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, घर तिथल्याच एका चाळीत, एक खोली आणि दारासमोर हातभर गल्ली. त्या गल्लीत ऊन दिवसातून घटकाभर येतं, तेही कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांमधून. बिबड्यांना ऊन लागतं आणि ऊन असतं आमच्यासारख्यांच्या गच्च्यांवर. म्हणून होळी झाली की ती डोक्यावर पातेली घेऊन यायची. आमची गच्ची, मग समोरची सोसायटी, मग त्याच्या मागची. जिच्या घरची ज्वारी तिच्या गच्चीवर मुक्काम. खाली अंथरायला तिच्याकडे पांडेसऱ्यातून आणलेल्या, छपाई चुकलेल्या साड्या असायच्या. मोराला चोच नाही, कोयरी अर्धीच. त्या साड्यांवर रांगेनं बिबड्या वाळायच्या आणि ती टाकीच्या सावलीत पदर डोक्यावर घेऊन कावळ्यांना शिव्या देत बसायची. अहिराणीतल्या शिव्या इतक्या गोड असतात की कावळेही निवांत ऐकायचे.

वर्षभर ही बाई काय करायची ते मी कधी विचारलं नाही. होळीनंतर येते, पावसाआधी जाते, एवढंच मला माहीत होतं. ती मला 'ताई' म्हणायची. मी तिला चहा द्यायचे, वेगळ्या कपात नाही, याचा मला मनातल्या मनात अभिमानही होता. आता तो अभिमान आठवला की मला माझीच लाज वाटते. एवढ्याशा गोष्टीचा अभिमान कुणाला वाटतो?

दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात चिन्मयचा रोज दुपारी फोन यायचा. आमची दुपार, त्याची संध्याकाळ. त्याला ज्वारीची बियर करायची होती आणि ती सारखी बिघडत होती. मला त्याचे हे उद्योग तोवर नीटसे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाले तेव्हा मी आधी रागावले. शाळेत मी किती वर्षं व्यसनमुक्तीच्या निबंधस्पर्धा घेतल्या! बक्षीस-समारंभात माईकसमोर उभी राहून मुलांना शपथा दिल्या. त्या बाईचा मुलगा गॅरेजमध्ये बियर उकळतो? तो म्हणाला, "आई, मी महिन्यातून दोन ग्लास पितो. मला प्यायला आवडत नाही, करायला आवडतं." हे मला पटलं नाही, पण ओळखीचं वाटलं. आमच्या घरात पुरणपोळ्या मी एक खाते आणि चाळीस करते.

तर त्याची अडचण अशी होती. तो ज्वारी भरडायचा, बार्लीबरोबर गरम पाण्यात टाकायचा, आणि ती तशीच्या तशी राहायची. दाताखाली कचकच, बियर गढूळ आणि पातळ. पुस्तकं वाचून झाली, क्लबातल्यांना विचारून झालं. ते सांगायचे, ओट घाल, ओटचे चपटे पोहे मिळतात, त्यानं स्टाऊटला दाटपणा येतो, सायीसारखी लागते. तांदूळ घाल, त्याचेही चपटे मिळतात. मी म्हटलं, "म्हणजे पोहेच की रे!" तो म्हणाला, "अगदी पोहेच." म्हणजे हे लोक बियरमध्ये पोहे घालतात आणि त्याला भारदस्त इंग्रजी नाव देतात. मला हसू आवरेना.

पण ज्वारीचं मला काही सांगता येईना. मी आयुष्यभर ज्वारी खाल्ली, ती शिजवली दुसऱ्यांनी. मग एका दुपारी मी फोन घेऊन गच्चीवर गेले आणि तो कमलबाईच्या पुढे धरला.

ती आधी पदर सारखा करून बसली. मग चिन्मयचं सगळं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून म्हणाली, "कच्ची टाकी का? आरे पोऱ्या, जवारी काय पोहा शे का? तिले आधी शिजाडनं पडस."

"पण मावशी, बार्ली तर तशीच भिजवतात..."

"तुन्ही बारली मऊ व्हई. जवारी तशी नही. तिले तिना टाईम देनं पडस. मऊ व्हस तवलोंग शिजाड, मंग टाक."

बस्स, एवढंच होतं. आधी ज्वारीची लापशी शिजवायची, मग ती बार्लीच्या पातेल्यात घालायची. बिबड्यांसाठी ती दर उन्हाळ्यात जे करत होती तेच. पोह्यांचं शिजवणं आधीच झालेलं असतं म्हणून ते नुसते भिजवून चालतात. ज्वारीचं व्हायचं असतं. चिन्मय नंतर मला म्हणाला की जाड पुस्तकात हे दोन पानं भरून लिहिलंय, पण त्यातून त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते मावशीच्या एका वाक्यानं शिरलं.

मग रोजचंच झालं. फोन आला की ती हात पुसून तयार. स्टाऊटला काळा रंग आणि कडवटपणा येतो तो भाजलेल्या धान्यानं, म्हणून चिन्मयला ज्वारी भाजायची होती. ती म्हणाली, भाजून दाखवते. वर गच्चीवरच तीन विटांची चूल, लोखंडी तवा, मूठभर ज्वारी. फोन मी धरलेला, मांडी घालून, वितळत. ज्वारी आधी पिवळी, मग तांबूस, मग तिचा एक एक दाणा फुटून पांढरा व्हायला लागला. ते लाह्या झालेले दाणे ती चिमटीनं बाजूला काढत होती. "काळी नको करू. भाकरना पापुडा करपस ना, तसा वास उना का उतारी ले," ती फोनला सांगत होती, आणि मेलबर्नमध्ये माझा मुलगा तो वास आठवायचा प्रयत्न करत होता. मी विचारलं, "कमलबाई, तो दारूच करतोय, तुला चालतं?" ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "दारूच शे ना व ताई, माले माहीत शे. करू दे. पन नीट करू दे."

मला त्या वाक्याचा तेव्हा राग आला होता आणि तिचा हेवाही वाटला होता. मी मुलाला बावीस वर्षं वळण लावलं आणि ही आठ दिवसांत त्याची गुरू झाली. तो मला 'आई, कशी आहेस' एवढं विचारायचा आणि लगेच 'मावशीला दे' म्हणायचा.

सोनटक्के साहेब तेव्हाच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त, आपल्यापैकीच, मराठी, बोलणं शुद्ध, शर्टाला इस्त्री. दर शुक्रवारी संध्याकाळी ते आणि त्यांचे दोन मित्र गाडी काढून, गुजरातेची दारूबंदी जिथे संपते त्या दमणला जायचे, हे आमच्या पार्किंगमधल्या मांजरालाही माहीत होतं. 'समुद्राची हवा' असं त्याला नाव होतं. रविवारी परत यायचे तेव्हा डोळे तांबूस आणि डिकीतली पिशवी उचलताना हात जपून. यावर कुणी काही बोलायचं नाही. शुद्ध बोलणाऱ्या माणसाच्या पिशवीला आमच्याकडे फार आदर आहे.

एका दुपारी ते पाण्याची टाकी बघायला वर आले. कमलबाईची तीन मोठी पातेली टाकीच्या सावलीत होती. त्यात तिसऱ्या दिवसाची ज्वारी. तीन दिवस भिजलेल्या ज्वारीला वास येतो, आंबट, थोडा नाकात जाणारा. बाजूला तवा आणि भाजून काळपट झालेली ज्वारी. फोन माझ्या हातात, स्पीकरवर, आणि चिन्मय मोठ्यानं सांगत होता, "मावशी, या वेळची बियर एकदम दाट झालीय!"

त्यांनी टाकीचं झाकण उघडलं, बंद केलं आणि खाली गेले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं. कमलबाईलाही वरून बोलावलं. ती हात पिठाचे तसेच घेऊन आली. सोनटक्क्यांनी सांगितलं की आपल्या राज्यात दारूबंदी आहे, आपण सगळे सुशिक्षित लोक आहोत, आणि आपल्या गच्चीवर बाहेरची बाई वॉश घालून बसली आहे. वॉश म्हणजे गावठी दारूसाठी आंबवलेलं पाणी, पेपरात पोलिसांच्या धाडीच्या बातमीत हा शब्द असतो. ते म्हणाले, "वास मी स्वतः घेतलाय. आणि बियरचं बोलणं मी स्वतः ऐकलंय. नवागाम-पांडेसऱ्याकडून येणाऱ्यांचे धंदे आपल्याला माहीत नाहीत का?"

दमणहून परतून त्यांना तेव्हा दोन तास झाले असतील, आणि हा माणूस वासाबद्दल बोलत होता!

कमलबाई घाबरली नव्हती. तिला आधी ते कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तिनं हसत म्हटलं, "साहेब, बिबड्यानी जवारी शे ती. चाखी देखा." कुणी पुढे झालं नाही. मग ती जरा मोठ्यानं म्हणाली, "माले दारूच करनी व्हती तं उनमा, गच्चीवर, बठ्ठासमोर करसू का?"

तळमजल्यावरच्या हंसाबेन, ज्यांना अहिराणीचं अक्षरही येत नाही, त्या खुर्चीतून उठल्या. "सोनटक्केभाई, आ तो पापडनी जुवार छे. अमारे घेर खीचियानो लोट बफाय, एमनी जुवार पलळे. एमां दारू क्यांथी आव्यो?" त्यांच्या घरी खिचिया पापडांचं पीठ वाफवतात, तशीच हिची ज्वारी भिजते, असं त्यांचं म्हणणं.

"मग बियरचं कोण बोलत होतं?" सोनटक्के म्हणाले. "फोनवर?"

कमलबाईनं माझ्याकडे पाहिलं. बोट केलं नाही, नाव घेतलं नाही. नुसतं पाहिलं, आता ताई सांगतील, अशा निवांत चेहऱ्यानं.

सांगायला किती लागत होतं? 'माझा मुलगा बोलत होता. तो परदेशात बियर करतो, तिकडे चालतं.' दोन वाक्यं. पण माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं! माईकसमोरची मी. शपथ देणारी मी. वर्गातली जुनी मुलं आता याच सोसायट्यांत बापे होऊन राहतात, त्यांचे चेहरे. 'मास्तरीणबाईंचा मुलगा दारू गाळतो.' आमचे हे शेजारी उभे होते, त्यांनी माझा दंड हलकेच दाबला. बोल म्हणून दाबला की गप्प राहा म्हणून, ते मी आजवर विचारलेलं नाही.

मी म्हटलं, "मला तर तिनं बिबड्यांचं सांगितलं होतं."

वाक्य तपासून पाहा. एकही शब्द खोटा नाही. आणि त्या वाक्यानं मी एका बाईला उभ्या उभ्या दारूवाली केली. नुसते मूग गिळून गप्प बसले असते तरी कमी पाप लागलं असतं.

कमलबाईनं नजर काढून घेतली. मग ती वर गेली आणि सोनटक्क्यांच्या देखरेखीखाली तिन्ही पातेली गच्चीच्या मोरीत ओतली. ज्वारीचे दाणे पाण्याबरोबर गेले नाहीत, जाळीत अडकून बसले. ते तिनं ओंजळीनं काढून पिशवीत भरले, जागा झाडली, साड्या घडी केल्या. पायऱ्या उतरताना माझ्या दाराशी थांबली नाही. ज्वारी माझ्याच घरची होती, पण हे सांगायचंही मला त्या वेळी सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्याशेजारी लॅमिनेट केलेली पाटी लागली: 'गच्चीवर बाहेरच्या व्यक्तींनी कोणताही पदार्थ आंबवू नये. हुकुमावरून.' ती अजून आहे. रोज भाजी घेऊन येताना मी ती वाचते. शुद्धलेखन निर्दोष आहे.

समोरच्या सोसायटीनं तिला बोलावलं नाही, मग मागच्याही नाही. आपल्याकडे अशा बातमीला जिना चढावा लागत नाही. तो उन्हाळा तिचा गेला. पुढचाही गेला.

आणि मी काय केलं? मी सोनटक्क्यांवर रागावले. घरात, दार लावून. त्यांच्या दमणवर रागावले, त्या पाटीवर रागावले, आपल्याच माणसांना नवागामची म्हणून नावं ठेवणाऱ्या आपल्याच माणसांवर रागावले. जेवताना बोलले, भांडी घासताना बोलले. आमचे हे सगळ्याला मान हलवत राहिले. रागाचं एक बरं असतं, तो दुसऱ्यावर असला की रात्री झोप चांगली लागते. चिन्मय फोनवर मावशीला विचारायचा, मी सांगायचे गावी गेली. दोन वर्षं मी तिला गावीच ठेवलं. तो म्हणायचा, तिचा फोटो पाठव, बाटलीच्या लेबलवर तिचं नाव घालायचंय, 'कमल स्टाऊट'. मी म्हणायचे, बघते.

मग आला हा शेरा. साथ देते म्हणे! दोन दिवस मी त्या परक्या परीक्षकावर चडफडत होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ताक घुसळताना हात थांबला. त्या बापड्यानं ज्वारीला आपल्या पंगतीत निदान पाट तरी मांडला होता. मी कमलबाईला काय मांडलं होतं? हवी तेव्हा बोलावली, शिकून घेतलं, आणि माझ्या नावावर शिंतोडा उडायची वेळ आली तेव्हा तिला पुढे केली. जोडीची माणसं कशी वापरतात हे मला कुठल्या मेलबर्नकरानं शिकवायची गरज नव्हती.

त्याच दुपारी रिक्षा करून नवागामला गेले. चाळ विचारत विचारत सापडली. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, तिथली माणसं त्याच्या वरताण बोलतात म्हणून त्यांचा आवाज मोठा असतो. आम्ही त्याला उर्मटपणा समजतो. कमलबाई दारात साड्यांचा ढीग घेऊन धागे कापत बसली होती. मला पाहून तिनं साड्या बाजूला सारल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पहिला प्रश्न विचारला.

"मंग, पोऱ्यानी जवारी शिजनी का?"

मी तिच्याकडून शिव्या खायची तयारी करून गेले होते. याची केली नव्हती. मी म्हटलं, "शिजली. पहिला नंबर आला." तिनं ते शेजारणीला ओरडून सांगितलं. मग जरा वेळानं मी म्हटलं, "कमलबाई, चला. या वर्षी आमच्या गच्चीवर करा बिबड्या."

"सोसायटीमा सांगं का तुम्ही? बियर कोन्ही व्हती ते?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

एवढंच. राग नाही, रडणं नाही. तिनं साडी ओढली आणि पुन्हा धागे कापायला लागली. मी उठले. माझ्या तोंडून निघून गेलं की मग मीच भिजवते ज्वारी. तेव्हा तिनं मान वर केली. माझ्या हातच्या ज्वारीची तिला काळजी वाटली असावी. "पानी रोज बदलज्यात, ताई," ती म्हणाली. "नही तं वास सुटस."

घरी आल्यावर चिन्मयला फोन लावला आणि सगळं सांगितलं, माझ्या त्या निर्दोष वाक्यासकट. तो एवढंच म्हणाला, "आई, तू?" आणि फोन ठेवला. त्याला आता चार दिवस झाले.

हे मी गच्चीवर बसून लिहिते आहे. आज रविवार, सकाळचे नऊ वाजलेत, आणि ज्वारीचा तिसरा दिवस आहे. टाकीच्या सावलीत तीन पातेली ठेवली आहेत, अगदी तिच्याच जागेवर. खालून एवढी चढवताना माझे गुडघे बोलले आणि आमचे हे म्हणाले, "तुला हे झेपणार आहे का?" ते ज्वारीबद्दल बोलत नव्हते. मग त्यांनीच एक पातेलं उचललं.

दोन पातेल्यांतलं पाणी मी रोज बदललंय, कमलबाईनं सांगितलं तसं. त्या ज्वारीच्या बिबड्या करायला ती आली तर तिला नावं ठेवायला जागा नको. तिसऱ्यातलं पाणी मी बदललेलं नाही. त्याचा वास काल संध्याकाळीच जिन्यात उतरला. आज तो पार्किंगपर्यंत गेला असणार, कारण खाली बोलणं ऐकू येतंय, आणि हंसाबेनचं हसणंही.

आता जिन्यावर चपला वाजतायत. आज सकाळीच दमणहून आलेली पावलं आहेत, जरा जड. चौथ्या मजल्यावर थांबली, दम खाल्ला. पुन्हा निघाली. दोन वर्षांपूर्वी ही पावलं मी ऐकली होती, पण फोनचा स्पीकर बंद करेपर्यंत उशीर झाला होता. आज हातात फोन नाही.

"हा वास कसला?" दारातूनच आवाज आला. "कोण बाई आहे ती वर?"

"मी," मी म्हटलं. "वर या, सोनटक्के. आणि खालच्या सगळ्यांना हाक मारा. बियरचंही सांगायचंय."